रानमांसाची खरेदी-विक्री आणि कायदा : बेळगाव सीमाभागातील शेतकरी, खानावळवाले आणि घरमालक यांच्यासाठी

पावसाळा सरत आला आणि भाताच्या लोंब्या भरू लागल्या की खानापूर तालुक्याच्या पश्चिम पट्ट्यात रानडुकरांचा उपद्रव वाढतो. त्याच सुमारास जांबोटी, कणकुंबी, लोंढा, नागरगाळी या भागांत एखाद्या संध्याकाळी कोणीतरी दारात येऊन हळू आवाजात विचारतो, ‘तुमच्यासाठी एक वाटा ठेवू का?’ विचारणारा बहुधा ओळखीचाच असतो, त्यामुळे आपण काही गुन्हा करतो आहोत असे घेणाऱ्याच्या मनातही येत नाही. कायद्याच्या दृष्टीने मात्र जनावर मारणारा, वाटे घालणारा, पैसे देऊन वाटा घेणारा, तो गाडीतून पोचवणारा आणि खानावळीत शिजवून वाढणारा असे पाचही जण गुन्ह्यात येतात. हा लेख त्यांच्यापैकी कोणी होऊ नये म्हणून लिहिला आहे, आणि नकळत त्यात सापडलेल्याने पुढे काय करावे तेही यात सांगितले आहे.

आधी कायदा कोणता, ते समजून घ्या

बेळगाव जिल्हा १९५६ पर्यंत मुंबई राज्यात होता आणि १९५१ चा मुंबईचा वन्य प्राणी व पक्षी संरक्षण कायदा येथे लागू होता. त्या काळी शिकारीचे परवाने मिळत असत. जुन्या घरांत अजूनही दिसणारी शिंगे आणि कातडी बव्हंशी त्याच काळातली असतात, आणि ‘आमचे आजोबा तर परवान्यावर शिकार करीत’ हे वाक्यही तिथूनच आलेले आहे. त्यानंतर १९७२ चा केंद्रीय वन्यजीव संरक्षण कायदा आला. सुरुवातीला त्यातही लहान शिकार, मोठी शिकार आणि विशेष शिकार अशी वर्गवारी व परवान्यांची तरतूद होती, पण १९९१ च्या दुरुस्तीने ती काढून टाकली. ‘परवान्यावर मारता येणारे जनावर’ ही कल्पनाच आपल्या कायद्यातून तेव्हा गेली, आणि विक्रीवरची बंदी समजून घ्यायची तर ही गोष्ट पक्की लक्षात असावी लागते.

पुढची मोठी दुरुस्ती २०२२ ची असून ती १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे. तिने जुन्या सहा अनुसूचींच्या (कायद्याला जोडलेल्या प्राणी-वनस्पतींच्या याद्यांच्या) चार केल्या आणि दंडाच्या रकमा वाढवल्या. बाजारातल्या बऱ्याच माहितीपत्रकांत आजही जुन्या अनुसूची आणि जुना दंड छापलेला आढळतो. त्यावर विसंबू नये.

हा कायदा केंद्राचा असल्यामुळे खानापूर, चंदगड, दोडामार्ग आणि सत्तरी या चारही तालुक्यांत तो एकच आहे. ‘गोव्यात चालते’ किंवा ‘महाराष्ट्रात परवानगी आहे’ असे सांगणाऱ्याचा गैरसमज असतो. उपद्रवी जनावराबाबत एखाद्या राज्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकाने दिलेली परवानगी त्या राज्याची हद्द ओलांडत नाही. चंदगडच्या शेतकऱ्याला मिळालेल्या कागदावर पलीकडच्या बेळगाव तालुक्यात काहीही करता येत नाही.

जनावर कोणते, ते ओळखा

प्राण्यांच्या बाबतीत पहिल्या दोन अनुसूची महत्त्वाच्या आहेत. पहिलीत सर्वाधिक संरक्षण असलेले प्राणी आहेत. आपल्या भागात आढळणाऱ्यांपैकी गवा, बिबट्या, अस्वल, चौसिंगा, पिसोरी, खवले मांजर, घोरपड, अजगर आणि मोर हे त्यात येतात. रानडुक्कर, चितळ आणि रानससा दुसऱ्या अनुसूचीत आहेत. दुसऱ्या अनुसूचीतले म्हणजे ‘हलके’, त्यांचे चालून जाते, ही समजूत चुकीची आहे. शिकार आणि विक्री दोन्ही अनुसूचींतल्या प्राण्यांना सारखीच मना आहे, फरक फक्त शिक्षेत पडतो.

ती शिक्षा अशी आहे. पहिल्या अनुसूचीतील प्राणी, त्याचे मांस किंवा त्यापासून केलेली वस्तू यांच्याशी गुन्ह्याचा संबंध असेल तर किमान ३ वर्षे व कमाल ७ वर्षे कैद होते आणि दंड २५,००० रुपयांपेक्षा कमी असू शकत नाही. अभयारण्यात केलेल्या शिकारीला जनावर कोणतेही असले तरी हीच शिक्षा आहे. खानापूर तालुक्यातील भीमगड २०११ पासून अभयारण्य आहे. त्यामुळे तळेवाडी, गवाळी, आमगाव या परिसरात रानससा मारणेही तितकेच महागात पडते. इतर प्रकरणांत ३ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होतात. अशा हलक्या प्रकरणांत ५ लाख रुपयांपर्यंत रक्कम भरून तडजोड करण्याची सोय आहे. जिथे किमान कैद ठरवून दिली आहे तिथे ती सोय नाही. गुन्ह्यात वापरलेली गाडी, बंदूक, फास, जाळी जप्त होते आणि गुन्हा सिद्ध झाला की सरकारजमा होते, आणि न्यायालय बंदुकीचा परवानाही रद्द करू शकते.

पाळीव जनावरे मात्र वेगळी काढावी लागतात. पिंजऱ्यात पाळला जाणारा ससा आणि रानातला ससा या दोन वेगळ्या जाती आहेत, आणि पाळीव ससा या अनुसूचींत नाही. गावठी डुक्कर आणि कुक्कुटपालनातला जपानी लावा यांनाही हा कायदा आडवा येत नाही. त्यांच्या मांसविक्रीला अन्नसुरक्षेचे नियम आणि परवाना लागतो, तो भाग निराळा. पावसाळ्यात ओढ्यात सापडणारे साधे मासे आणि खेकडे या बंदीत येत नाहीत, पण अभयारण्याच्या हद्दीत परवानगीशिवाय तेही उचलता येत नाहीत. घाटाखाली गोव्याच्या बाजूला ‘जंपिंग चिकन’ म्हणून ज्या मोठ्या बेडकाला गिऱ्हाईक असते, तो मारून विकणे हा मात्र गुन्हाच आहे.

‘विकले नाही, नुसते वाटले’ हा बचाव का टिकत नाही

कायद्याने ‘मांस’ या शब्दाची व्याख्या फार रुंद केली आहे. कच्चे असो वा शिजवलेले, त्यात मांसाबरोबर रक्त, हाडे, स्नायू, चरबी, अंडी आणि कवचही येते. ‘शिकार’ या शब्दातही मारण्याबरोबर फास लावणे, जाळे टाकणे, हाका करून जनावर पुढे काढणे, विष घालणे आणि या सर्वांचा प्रयत्न करणे हे धरले आहे. त्यामुळे हाक्याला गेलेला माणूस ‘मी नुसता ओरडत होतो’ असे सांगून सुटत नाही.

बेकायदा मारलेले जनावर आणि त्याचे मांस ३९ व्या कलमानुसार सरकारी मालमत्ता ठरते. ती लेखी परवानगीशिवाय जवळ ठेवणे, विकणे, बक्षीस देणे किंवा कोणत्याही प्रकारे दुसऱ्याच्या हवाली करणे मना आहे. ‘बक्षीस’ हा शब्द त्या कलमात स्पष्टपणे घातलेला असल्यामुळे पाहुण्याला प्रेमाने दिलेला डबाही त्यातून सुटत नाही. घेणाऱ्याला ४९ वे कलम थेट लागू होते, कारण अधिकृत विक्रेत्याखेरीज कोणाकडूनही वन्य प्राणी किंवा त्याचे मांस घेणे त्यात मना आहे. वस्तू ताब्यात सापडली हे सिद्ध झाले की ताबा बेकायदा होता असे न्यायालय गृहीत धरते, आणि तो कायदेशीर होता हे दाखवण्याची जबाबदारी आरोपीवर येते. इतर फौजदारी प्रकरणांपेक्षा हे उलटे आहे. ‘कोणाचे होते मला माहीत नाही’ हे उत्तर इथे का चालत नाही, ते यावरून कळावे.

माझे मत स्पष्ट सांगतो. घरच्या भाकरीसाठी एखादा ससा मारणाऱ्याने रान रिकामे होत नाही. बेळगाव-गोवा रस्त्यावरून येणारे गिऱ्हाईक किलोला चढा भाव देऊ लागले की एकाचे पाच फास होतात, आणि पाच फासांत डुकराबरोबर भेकर, पिसोरी, कधी गावातली गायही अडकते. रानावर ताण विक्रीमुळे येतो. म्हणूनच कायद्याने विक्रीच्या प्रत्येक कडीला हात घातला आहे, आणि तो योग्यच घातला आहे असे मला वाटते.

खानावळ, ढाबा, फार्महाऊस चालवणाऱ्यांसाठी

या व्यवसायातल्या लोकांना मी सर्वांत जास्त जागा देत आहे, कारण अडचणीत येणाऱ्यांत भाबडेपणाने आलेले बरेच असतात. ४४ व्या कलमानुसार परवान्याशिवाय कोणत्याही खाद्यगृहात वन्य प्राण्याचे मांस शिजवणे किंवा वाढणे हा गुन्हा आहे. पैसे घेऊन खायला मिळते अशी प्रत्येक जागा खाद्यगृह ठरते, मग पदार्थाचे पैसे वेगळे घेतलेले असोत किंवा राहण्या-जेवण्याच्या एकत्रित भाड्यात धरलेले असोत. चोर्ला घाटाच्या वाटेवर ‘होम-स्टे’ काढून एका रकमेत मुक्काम आणि जेवण देणारा घरमालक या व्याख्येत बसतो.

कलमात परवान्याचा उल्लेख आहे म्हणून परवाना काढता येईल, असे काहींना वाटते. पण १९९१ नंतर शिकारच बंद असल्याने असे मांस कायदेशीर वाटेने स्वयंपाकघरात येण्याचा मार्गच उरलेला नाही. परवाना काढून देतो म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका.

म्हणून पुढील क्रमाने व्यवस्था लावून घ्यावी. प्रथम, मांस घेताना दरवेळी पावती घ्या, तिच्यावर जनावर, वजन, तारीख आणि दुकानाचे नाव असू द्या, आणि पावत्या महिन्यावार फाईलला लावून ठेवा. दुसरे, पदार्थांच्या यादीत आणि पाटीवर ‘रान’ हा शब्द शोभेसाठी वापरू नका. गावठी डुकराचे मांस ‘रानडुकराचे’ म्हणून विकणारे लोक आहेत. अरण्य खात्याचे लोक आले की त्यांना आपली जाहिरातच कारण म्हणून पुरते, नमुना तपासणीला जातो आणि निकाल येईपर्यंत धंदा बसतो. शिजलेल्या मांसावरूनही प्राण्याची जात ओळखता येते. हैदराबादची सीसीएमबी ही जीवशास्त्र संशोधन संस्था आणि डेहराडूनची भारतीय वन्यजीव संस्था डीएनए तपासणीने ती सांगतात. त्यामुळे मसाल्यात काही लपते असे समजू नये.

तिसरी गोष्ट अवघड आहे, कारण तीत गिऱ्हाईक दुखावते. पाच-सहा जणांचा गट स्वतःच मांस घेऊन येतो आणि ‘आमचे आम्ही आणले आहे, तुम्ही फक्त करून द्या, मजुरी घ्या’ म्हणतो. कलमात ‘शिजवणे’ आणि ‘वाढणे’ हे दोन्ही शब्द आहेत, मांस कोणी आणले याला महत्त्व नाही. बाहेरून आणलेले मांस शिजवून मिळणार नाही, अशी मराठी आणि कन्नड दोन्ही भाषांत ठळक पाटी गल्ल्याजवळ लावावी. मग नकार देताना भांडावे लागत नाही. स्वयंपाक्याला आणि वाढप्याला हे नीट समजावून सांगा, कारण मालक गावाला गेलेला असताना हो म्हणणारे तेच असतात, आणि गुन्ह्याला मदत केल्याबद्दल तेही आरोपी होतात.

शेतात जनावर मेलेले सापडले तर

रानडुक्कर शेतात मरून पडले, विहिरीत पडले किंवा रस्त्यावर गाडीखाली आले, तरी ते सापडणाऱ्याचे होत नाही. हात लावण्याआधी जागेचे आणि जनावराचे फोटो काढा. १९२६ या अरण्य खात्याच्या मदतक्रमांकावर किंवा जवळच्या रेंजर कार्यालयात कळवा, आणि फोन कोणी घेतला व किती वाजता घेतला ते लिहून ठेवा. कायद्याने ४८ तासांची मुदत दिली आहे, पण त्या दिवशीच कळवलेले बरे. तोवर गावकऱ्यांनी वाटे घालू नयेत म्हणून दोघांना तिथे उभे करा. लोक इथेच चुकतात. मेलेलेच होते, वाया कशाला घालवायचे, असे म्हणून सुरी लावली जाते आणि नैसर्गिक मृत्यूचा पंचनामा व्हायचा तिथे शिकारीचा गुन्हा नोंदला जातो.

जनावर अंगावर आले आणि स्वतःचा किंवा दुसऱ्याचा जीव वाचवण्यासाठी ते मारावे लागले, तर तो गुन्हा नाही. मात्र ते मांस तरीही सरकारचे असते.

पीक संरक्षणासाठी मिळालेला बंदुकीचा परवाना शिकारीचा परवाना नसतो. कुंपणात चोरून वीज सोडणे किंवा पिठाच्या गोळ्यात गावठी बॉम्ब ठेवणे हे या कायद्याखाली शिकारच ठरते, शिवाय वीज कायदा आणि स्फोटक पदार्थांचा कायदा वेगळे लागतात. अशा तारेला चिकटून माणसेही मेली आहेत, हे शेतकऱ्याला मी सांगायला नको. नुकसान झाले असेल तर नासाडीचे फोटो, जमिनीचा आरटीसी उतारा (कर्नाटकातला सातबारा) आणि बँक पासबुकाची प्रत जोडून रेंजर कार्यालयात भरपाईचा अर्ज करावा. मिळणारी रक्कम नुकसानाच्या मानाने थोडी असते ही शेतकऱ्यांची तक्रार खरी आहे आणि ती मांडत राहिली पाहिजे. पण गावाकडून अर्जच गेले नाहीत तर उपद्रवाची नोंदही होत नाही.

‘केंद्राने डुक्कर उपद्रवी जाहीर केले, आता मारायला मोकळीक’ असे संदेश मोबाईलवर फिरतात. ६२ व्या कलमाखाली असे आदेश २०१५-१६ मध्ये डुकराबाबत बिहार आणि उत्तराखंडासाठी, तर माकडाबाबत हिमाचल प्रदेशासाठी निघाले होते. ते त्या राज्यांपुरते आणि ठरावीक मुदतीचे होते. तेव्हाची कात्रणे दाखवून खानापुरात कोणालाही काही करता येत नाही.

वाहतूक करणाऱ्यांसाठी

अनमोड, चोर्ला आणि तिलारीच्या रस्त्यांवरून जाणाऱ्या टेम्पो, खासगी बस आणि पार्सलच्या गाड्यांनी ४८-अ हे कलम ध्यानात ठेवावे. वन्य प्राणी किंवा त्याच्यापासून केलेली वस्तू वाहतुकीसाठी घेताना परवानगी आहे की नाही याची खात्री करणे वाहकाची जबाबदारी आहे. थर्माकोलच्या पेटीत ‘मासे आहेत’ असे सांगून कोणी माल देऊ लागला तर पेटी उघडून पाहा, देणाऱ्याचे नाव व फोन लिहून घ्या, आणि तो पेटी उघडू देत नसेल तर माल घेऊ नका.

घरातली शिंगे, नखे आणि बाजारातल्या ‘शुभ’ वस्तू

आमच्या जुन्या घराच्या सोप्यात आजोबांच्या वेळची सांबराची शिंगे होती आणि लहानपणी आम्ही त्यांवर छत्र्या अडकवत असू. घराची वाटणी झाली तेव्हा एका नातेवाइकाने ती चांगल्या किमतीला विकून देतो म्हणून सांगितले. ट्रंकेत शोधल्यावर आजोबांच्या नावचे मालकी प्रमाणपत्र सापडले, आणि मग वाचताना कळले की प्रमाणपत्र असले तरी ४३ व्या कलमानुसार अशी वस्तू विकता येत नाही. वारशाने आलेल्या संरक्षित प्राण्याच्या वस्तूबद्दल ९० दिवसांत मुख्य वन्यजीव रक्षकाकडे लेखी कळवावे लागते. ठेवायची नसेल तर प्रमाणपत्रधारकाला सात कामकाजी दिवसांची सूचना देऊन ती सरकारला परत करता येते. मोबदला मिळत नाही. आम्ही शिंगे परत केली. पहिल्यांदा ज्या कार्यालयात गेलो तिथे अर्जावर पोच द्यायला नकार मिळाला, म्हणून दुसरा अर्ज रजिस्टर्ड पोस्टाने पाठवला. आपणही तसेच करावे. पोच नसलेला अर्ज उपयोगी पडत नाही.

ज्यांच्याकडे कोणताही कागद नाही, त्यांनी वस्तू घाईने विकू, जाळू किंवा नदीत टाकू नये. वकिलाच्या सल्ल्याने लेखी अर्ज करून ती अरण्य खात्याच्या हवाली करावी. ऑक्टोबर २०२३ मध्ये एका कन्नड दूरचित्रवाणी कार्यक्रमातील स्पर्धकाला गळ्यातल्या वाघनखाच्या लॉकेटवरून अटक झाली, तेव्हा अशा वस्तूंकडे खाते किती बारकाईने पाहते ते सगळ्या राज्याने पाहिले.

मोराची आपोआप गळालेली शेपटीची पिसे हा विक्रीबंदीला असलेला एक अपवाद आहे. मोर मारून उपटलेल्या पिसांना तो लागू नाही. पूजासाहित्याबरोबर ‘हत्ताजोडी’ या नावाने मुळी म्हणून विकली जाणारी वस्तू प्रत्यक्षात घोरपडीचा सुकवलेला अवयव असते, म्हणजे ती घेणारा थेट पहिल्या अनुसूचीच्या गुन्ह्यात जातो. मांडुळाला लाखोंचे गिऱ्हाईक असल्याच्या गोष्टी सांगून तरुणांना फसवणाऱ्या टोळ्याही या भागात येतात. अशा व्यवहारात पैसेही जातात आणि तुरुंगही घडतो.

झडती झाली तर, आणि तक्रार करायची असेल तर

अरण्य खात्याचा अधिकारी किंवा फौजदार दर्जाचा पोलीस अधिकारी सबळ संशयावरून घराची, दुकानाची, गाडीची झडती घेऊ शकतो. त्याला अडवू नका. ओळखपत्र पाहा, त्याचे नाव आणि हुद्दा लिहून घ्या. जप्तीचा महजर (पंचनामा) कन्नडमध्ये लिहिला जातो. कन्नड नीट वाचता येत नसेल तर तो मराठीत वाचून दाखवण्याची मागणी करा, आणि वाचून दाखवला नाही तर सहीपाशी तसे मराठीत लिहा. हे मुद्दाम सांगण्याचे कारण असे की, सहायक वनसंरक्षक दर्जाच्या अधिकृत अधिकाऱ्याने आरोपीसमोर नोंदवलेला जबाब न्यायालयात पुरावा म्हणून चालतो. पोलिसांपुढच्या कबुलीसारखा तो बाद होत नाही, म्हणून न समजलेल्या कागदावर सही करू नये. अटक झाल्यास २४ तासांत न्यायाधीशांपुढे उभे करावे लागते, आणि वकील परवडत नसेल तर १५१०० या क्रमांकावर किंवा तालुका कायदा सेवा समितीकडे मोफत वकील मागता येतो.

कोणी रानमांस विकताना दिसले तर स्वतः अडवायला जाऊ नका, कारण बंदूक जवळ असलेली माणसे असतात. जागा, वेळ, गाडीचा क्रमांक एवढे टिपून १९२६ वर कळवा. लेखी तक्रार मराठीत करता येते. राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत अधिकाऱ्याकडे गाऱ्हाणे मांडण्याचा हक्क संविधानाच्या ३५० व्या कलमाने प्रत्येकाला दिला आहे, तेव्हा ‘कन्नडमध्ये आणा’ म्हणून अर्ज परत केला तर या कलमाचा उल्लेख करून तोच अर्ज पुन्हा द्या. खात्याने काहीच हालचाल केली नाही, तर ५५ व्या कलमानुसार ६० दिवसांची लेखी नोटीस देऊन साधा नागरिकही थेट न्यायालयात फिर्याद करू शकतो. त्यासाठी पहिल्या अर्जाची पोच आणि नोटिशीची पोस्टाची पावती जपून ठेवावी.